रक्ताची खानेसुमारी

इ. स. १८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याविषयीचा तेरावा खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात जमिनीची प्रत, पाऊस, बंदरे, जकात, भातखाचरे आणि मिठागरे यांच्या जोडीने या मुलखातील माणसांचीही सविस्तर नोंद करण्यात आली. आगरी, कुणबी, सोनकोळी, वारली, काथोडी, ठाकूर, पाचकळशी, कायस्थ प्रभू, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, पारशी, ख्रिस्ती आणि बेने इस्रायल यांपैकी प्रत्येकाचा पोशाख, आहार, विवाहविधी आणि उपजीविका यांचे वर्णन करीत सरकारी दप्तराने जिल्ह्याची प्रजा रकान्यांत बसविली. परंतु ती खानेसुमारी माणूस स्वतःविषयी जे सांगतो तेवढ्यावरच उभी होती. त्याच्या शरीरात पूर्वजांकडून काय उतरले आहे, आणि त्याच्या पत्नीच्या उदरातील अर्भकाला त्यातून कोणते रक्षण किंवा कोणते संकट प्राप्त होणार आहे, हे विचारण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

ते साधन विसाव्या शतकाने दिले. काचेच्या पट्टीवरील रक्ताच्या थेंबापासून आरंभ झालेली ही दुसरी खानेसुमारी मुंबई, ठाणे आणि कल्याण यांच्या परिसरात ज्या रीतीने घडली, तिचा इतिहास आपल्याकडे वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर फारसा सांगितला गेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण जातीच्या रकान्यांना पूर्वी जो अर्थ दिला जात होता त्याचा फोलपणा या खानेसुमारीने दाखवून दिला, आणि बाळंतिणीच्या खोलीत पिढ्यान्पिढ्या दैवाच्या माथी मारलेल्या कित्येक मृत्यूंचे खरे कारण तिनेच उघड केले.

या मुलखाच्या रक्तात इतकी विविधता का आली, याचे उत्तर भूगोलातच आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकवृत्तांतात कल्याणचे नाव येते, कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या दात्यांचा निर्देश आढळतो, आणि शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, ही राजधानी होती. पश्चिमेकडून समुद्रमार्गे आणि पूर्वेकडून थळ व बोर या घाटांनी येथे माणसे उतरत राहिली. पारशांचे पूर्वज ज्या संजाणला उतरले ते इंग्रजी अमदानीत याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मोडत होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले जाणारे बेने इस्रायल कुलाबा जिल्ह्यातून ठाण्यास आले व त्यांनी १८७९ मध्ये येथे आपले प्रार्थनामंदिर उभारले. पोर्तुगीजांचा अंमल १७३७ पर्यंत ठाण्यावर होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि पुढल्याच वर्षी कल्याणपर्यंत आगगाडी आली, तेव्हापासून रत्नागिरी, सातारा, खानदेश आणि त्याहूनही दूरच्या प्रांतांतील चाकरमान्यांचा ओघ सुरू झाला, तो अद्याप थांबलेला नाही.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु तो एका माणसाचे वैशिष्ट्य न राहता लोकसमूहांच्या अभ्यासाचे साधन झाला तो पहिल्या महायुद्धात. सलोनिका येथील छावण्यांत लुडविक आणि हांका हिर्श्फेल्ड या दांपत्याने अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले व १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यात ‘बी’ गटाचे प्रमाण हिंदी सैनिकांत सर्वांत अधिक आढळले. आपल्या देशातील माणसांच्या रक्ताची जगाच्या शास्त्रीय दप्तरात झालेली ही पहिली ठळक नोंद होय.

मराठी मुलखात या कार्याला शिस्तबद्ध रूप आले ते मुंबईत. १९४९ मध्ये एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांमधील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९६८ मध्ये इरावती कर्वे आणि कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची शरीरमापने व रक्तगट यांच्या आधारे तुलना केली. एकाच वर्णातील म्हणून ज्यांना एका मुळातून फुटलेल्या शाखा मानले जाई, ते गट परस्परांपासून लक्षणीयरीत्या भिन्न आहेत, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की, समान दर्जा हा समान वंशाचा पुरावा ठरत नाही, आणि म्हणून दर्जाची उतरंड रक्ताने सिद्ध करू पाहणाऱ्या प्रत्येक मताचा पाया त्या संशोधनाने काढून घेतला. बेने इस्रायलांचीही हीच कथा: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले आणि त्यांचे मीलन सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचे ठरले. परंपरा व परिसर, दोन्हींची साक्ष एकाच शरीरात निघाली.

परंतु या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचे प्रकरण कोणत्याही पूर्वनियोजित सर्वेक्षणातून निघाले नाही; ते परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, रक्ताच्या तातडीच्या गरजेतून निघाले. एक रेल्वे दुर्घटनेतला आणि एक भोसकला गेलेला, अशा रुग्णांना रक्त द्यावयाचे असता नेहमीच्या चाचणीने त्यांचा गट ‘ओ’ दिसला. पण ‘ओ’ गटाच्या एकाही दात्याचे रक्त त्यांच्याशी जुळेना. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. ‘ए’ व ‘बी’ हे दोन्ही पदार्थ ज्या मूळ द्रव्यावर घडतात ते ‘एच’ द्रव्यच या व्यक्तींच्या रक्तपेशींवर नव्हते. आणि ते स्वतःच्या शरीराला अपरिचित असल्यामुळे त्यांच्या रक्तद्रवात त्याविरुद्ध प्रतिपिंडे होती. ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘एच’ द्रव्य विपुल असते. म्हणून ज्या ‘ओ’ रक्ताला आपण सर्वांना चालणारे समजतो, तेच या माणसांना प्राणघातक ठरते.

या गटाला जगाने ‘बॉम्बे’ हेच नाव दिले. पुढील संशोधनाने त्याचे कूळही उलगडले. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ज्या जनुकाच्या आज्ञेने ‘एच’ द्रव्य घडते, त्यातील दोष माता आणि पिता या दोघांकडूनही आला तरच हा गट प्रकट होतो. त्यामुळे नात्यातील विवाहांत, विशेषतः मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे तेथे, त्याची शक्यता वाढते. भारतीय रुग्णांत हा दोष बहुधा एकाच ठरावीक ठिकाणी आढळतो, यावरून त्याचे मूळ कोणा एका दूरच्या समान पूर्वजापर्यंत जात असावे असा तर्क बळकट होतो. १९७४ मध्ये भाटिया व साठे यांनी मुंबईतील लोकसंख्येत त्याचे प्रमाण ७,६०० माणसांमागे एक असे नोंदविले; युरोपात ते दहा लाखांत एक याच्या आसपास मानले जाते. मुंबईचेच प्रमाण आमच्याकडेही लागू धरले, तर २०११ च्या जनगणनेत १८,४१,४८८ लोकवस्तीच्या ठाणे शहरात आणि १२,४७,३२७ लोकवस्तीच्या कल्याण-डोंबिवलीत मिळून अशी सुमारे चारशे माणसे असली पाहिजेत. त्यांपैकी जी स्त्री गर्भवती असेल तिच्या कागदावर केवळ दोन द्रवांच्या चाचणीवरून ‘ओ’ असा शिक्का पडला आणि प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव झाला, तर काय ओढवेल हे सांगावयास नको. रक्तपेशींबरोबर रक्तद्रवाचीही, ‘ओ’ गटाच्या पेशी घेऊन, उलट बाजूने पडताळणी केली तर ही चूक तत्काळ उघडकीस येते; म्हणून ती पडताळणी कधीही गाळता कामा नये.

या शोधाच्या पाच वर्षांनंतर, १९५७ मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. तेच आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून के. ई. एम. च्या आवारात नांदत आहे. भाटिया यांनी तेथे दीर्घकाळ कार्य केले. १९७३ मध्ये बडकेरे, जोशी, भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी एक नवीन रक्तलक्षण उजेडात आणले व त्याला भारताचेच नाव मिळाले. हे लक्षण भारतीयांत शेकडा तीन-चार जणांत, तर इराणी व अरब लोकांत शेकडा दहाहून अधिक जणांत आढळते. ज्या किनाऱ्याने सहस्रावधी वर्षे इराणी आखाताशी घोडे, खजूर आणि कापडाचा व्यापार केला, त्या किनाऱ्यावरील वाचकाला या आकड्यांचे महत्त्व सहज जाणवेल; तथापि एकाच लक्षणावरून स्थलांतराचा इतिहास रचणे हे शास्त्राला मान्य नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्थलांतराने घडविलेल्या या रक्ताच्या दुसऱ्या शिल्पकाराकडे आता वळतो, तो म्हणजे हिवताप. खाडीकाठची खाजणे, भातखाचरे, साचलेली डबकी आणि सह्याद्रीच्या पायथ्याची दाट रानेवने यांमुळे हा जिल्हा शतकानुशतके तापाने ग्रासलेला होता. १९४९ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी असे मत मांडले की, रक्तपेशींतील काही आनुवंशिक दोष एका मात्रेत अंगी असले, तर ते हिवतापापासून रक्षण करीत असावेत. आणि १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत विळापेशी-लक्षणाविषयी त्याचा पुरावा दिला. जेथे हिवताप प्रबळ होता तेथेच हे दोष पिढ्यान्पिढ्या टिकले, कारण त्यांच्या वाहकांची मुले अधिक संख्येने जगली. ज्या लक्षणाने वाहकाला तारले त्याचीच दुहेरी मात्रा त्याच्या अपत्याच्या जिवावर बेतली, हा निसर्गाचा कठोर हिशेब होय. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, ज्याचा मोठा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला, विळापेशीचे लक्षण आढळते ते याच कारणाने.

या कुळातीलच एक दोष ‘जी-६-पीडी’ या विकराच्या न्यूनतेचा. १९५६ मध्ये, प्रायमाक्विन हे हिवतापावरील औषध घेताच काही माणसांच्या रक्तपेशी का फुटतात याचा शोध घेताना, तो अमेरिकेत उमगला. मुंबईत संघवी यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या दशकात पारशी समाजात तो तपासला, तेव्हा पुरुषांत त्याचे प्रमाण शेकडा १५ च्या घरात निघाले. आमच्या जिल्ह्यातील आदिवासी समाजांतही तो आढळतो. हे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते आणि मुलग्याला ते गुणसूत्र केवळ मातेकडून, एकच मिळते, म्हणून त्याचा फटका मुख्यतः मुलग्यांना बसतो. एरवी अशी व्यक्ती आयुष्यभर निरोगी राहू शकते. पण नवजात अर्भकाला त्यामुळे तीव्र कावीळ होऊ शकते, आणि येथेच आपल्या घरातील एक निरुपद्रवी वाटणारी वहिवाट घातक ठरते. थोरल्या भावंडाची दुपटी, टोपरी आणि कुंची ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवावयाची आणि नव्या बाळाला तीच लपेटावयाची, ही चाल पुष्कळ घरांत आहे. त्या गोळ्यांतील नॅफ्थलीनचा अंश श्वासावाटे व त्वचेवाटे अर्भकाच्या शरीरात जातो आणि या विकराची उणीव असलेल्या बाळाच्या रक्तपेशी झपाट्याने फुटू लागतात. प्रेमाने जपलेली वस्त्रे अशा रीतीने आजाराचे कारण होऊ नयेत, यासाठी डांबरगोळी बाळाच्या कपड्यांपासून कायमची दूर ठेवणे, एवढाच उपाय पुरेसा आहे.

१९४७ च्या फाळणीने या मुलखाच्या खानेसुमारीत आणखी एक मोठा अध्याय जोडला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावण्यांत सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना आश्रय देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. घरदार आणि जमीनजुमला मागे टाकून आलेल्या या लोकांनी आपल्या रक्तात सिंधू खोऱ्यातील हिवतापाची जुनी ठेव मात्र बरोबर आणली. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण सिंधी समाजात अधिक असून, त्यांच्यात आढळणाऱ्या दोषांपैकी ६१९ घटकांचा तुकडा गळून पडल्याने होणारा दोष विशेष प्रसिद्ध आहे. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता अशी असते की, मूल सहा महिन्यांचे होईतो फिके पडू लागावे आणि पुढे जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी त्याला परक्याच्या रक्तावर जगावे लागावे. रक्तातील ‘ए-२’ हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजणारी चाचणी लग्नाआधी किंवा गर्भारपणाच्या आरंभी केली, तर हे संकट आधीच ओळखता येते. हा दोष केवळ एका समाजाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी आणि मराठी अशा अनेक समाजांत तो कमीअधिक प्रमाणात आहे, आणि डोंबिवलीच्या एका चाळीत किंवा संकुलात आज हे सर्व शेजारी म्हणून राहतात.

उरते माता आणि अर्भक यांच्यातील प्रत्यक्ष नाते. नऊ महिने वारेच्या पडद्याने दोघांची रक्ते वेगळी राखली जातात. पण त्या पडद्यातून मातेची एका जातीची प्रतिपिंडे बाळाकडे जातात, आणि हीच त्याची पहिली संरक्षक ठेव होय. गर्भवतीला धनुर्वाताची लस टोचतात ती याच कारणासाठी: लस आई घेते, आणि विळ्याने वा गंजलेल्या सुरीने नाळ कापल्यामुळे पूर्वी आठवड्याभरात दगावणारे बाळ आईच्या प्रतिपिंडांनी वाचते. या टोचणीमुळे आणि स्वच्छ प्रसूतीमुळे भारत २०१५ मध्ये माता व नवजातांच्या धनुर्वातापासून मुक्त म्हणून घोषित झाला. पण हाच मार्ग कधी उलटा पडतो. १९३९-४० मध्ये लेव्हीन, स्टेट्सन, लँडस्टायनर आणि वीनर यांच्या कार्यातून आर.एच. घटकाचा उलगडा झाला, तेव्हा कळले की, हा घटक नसलेली स्त्री तो असलेल्या बाळाला जन्म देते, त्या प्रसूतीच्या वेळी बाळाच्या काही रक्तपेशी तिच्या रक्तात शिरतात, तिचे शरीर त्यांविरुद्ध प्रतिपिंडे घडविते, आणि पुढच्या गर्भारपणात तीच प्रतिपिंडे वारेतून जाऊन दुसऱ्या बाळाच्या पेशी फोडू लागतात. पहिले मूल धडधाकट, दुसरे जन्मानंतर लगेच काविळीने पिवळे, तिसरे अंगावर सूज येऊन उदरातच गेलेले, असा क्रम ज्या घरी घडला तेथे आपल्या समाजाने त्या स्त्रीला मृतवत्सा म्हणून दोष दिला, पाचवीच्या पूजेत सटवाईपुढे तिच्याकडून नवस बोलविले, क्वचित दुसरी सून आणली. तो दोष तिचा नव्हता. पतीचा घटक आणि तिचा घटक यांच्या संयोगाचा तो परिणाम होता, आणि तिचे शरीर आपले स्वाभाविक संरक्षणकार्यच करीत होते. तिच्यावर झालेला तो अन्याय इतिहासात नोंदला गेला पाहिजे.

युरोपात शेकडा सुमारे १५ लोक आर.एच. निगेटिव्ह असतात, भारतात हे प्रमाण शेकडा ५ च्या जवळपास आहे. प्रमाण कमी असले तरी लाखो प्रसूतींच्या देशात ती संख्या थोडी म्हणता येत नाही. यावरील उपाय लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांनी साठीच्या दशकात सिद्ध केला आणि १९६८ पासून तो प्रचारात आला: बाळ आर.एच. पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मातेला ‘अँटी-डी’ टोचली की बाळाच्या पेशी तिच्या शरीराने ओळखण्याआधीच नष्ट होतात आणि घातक स्मृती निर्माणच होत नाही. पुढे अठ्ठाविसाव्या आठवड्यातही एक टोचणी देण्याचा प्रघात पडला. याच औषधाचा एक अर्वाचीन प्रकार, जो मानवी रक्तद्रवाऐवजी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून सिद्ध होतो, भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी तयार करते, आणि तिचा कारखाना कल्याणच्या शेजारी अंबरनाथ येथे आहे. शिलाहारांच्या शिवमंदिराने ख्यात असलेल्या त्या गावातून आज देशभरातील मातांच्या रक्षणाची सामग्री बाहेर पडते, ही या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे.

आर.एच. इतका उग्र नसला तरी त्याहून अधिक वेळा दिसणारा एक प्रकार ‘ओ’ गटाच्या मातेच्या ‘ए’ किंवा ‘बी’ गटाच्या बाळाचा. यात पहिल्याच अपत्याला जन्मानंतर चोवीस तासांत कावीळ दिसू शकते. निळसर प्रकाशाखाली ठेवून बहुतेक बाळे बरी होतात. पण पहिल्या दिवशीच दिसलेली कावीळ कोवळ्या उन्हात घालवू म्हणून घरी थांबणे धोक्याचे असते, कारण बिलिरुबिन मर्यादेबाहेर वाढले तर मेंदूला कायमची इजा होते.

कॅम्पबेल यांच्या खंडाने माणसांना जातींच्या रकान्यांत विभागले. रक्ताच्या खानेसुमारीने त्या रकान्यांच्या भिंती ओलांडून बंदरे, घाट, हिवताप आणि निर्वासितांच्या छावण्या यांचा इतिहास वाचला, व कोणत्याही समाजाला श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरविण्यास नकार दिला. तिचा एकमेव न्याय्य उपयोग म्हणजे जन्माला येणाऱ्या बाळाचे रक्षण. यास्तव ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील प्रत्येक कुटुंबाला माझी कळकळीची विनंती आहे की, घरातील सून वा लेक गर्भवती होताच पहिल्या तीन महिन्यांत तिचा रक्तगट दोन्ही बाजूंनी पडताळून घ्यावा, आर.एच. घटक आणि ‘ए-२’ हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, गरज पडल्यास पतीनेही आपले रक्त तपासणीस द्यावे, आणि आर.एच. निगेटिव्ह मातेला योग्य वेळी टोचणी मिळाली की नाही याची खातरजमा घरच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः करावी. हे करण्यास थोडाच खर्च आणि एक सकाळ लागते. न केल्यास त्याचे मोल एखाद्या अर्भकाला प्राणांनी द्यावे लागते.